साहित्याचा रकाना

पाठटाचणाच्या वहीत सहा रकाने.
विषय : शारीरिक शिक्षण. इयत्ता : तिसरी.
घटक : आपल्या मुलखातल्या जुन्या उड्या.
साहित्य या रकान्यात मी लिहिलं :
शिट्टी, मोजपट्टी, खडू.

याकुत्स्कहून नऊ तास बस,
मग गोठलेल्या नदीवरून ट्रक.
शाळा लाकडाची, खिडक्यांना आतून बर्फ,
व्यायामशाळेत एकच ऊबदार कोपरा
आणि तिथे बसायला पाळ्या.

मी सांगितलं : कुओबाख, म्हणजे सशाची उडी.
पाय जोडून, अकरा वेळा, मध्ये थांबायचं नाही.
गुडघ्याचा कोन, हातांचा झोका,
प्रशिक्षणात शिकवला तसा करून दाखवला.
पोरांनी मारल्या उड्या. मन लावून मारल्या.
बेडकांसारख्या.

एर्चिमेन नावाचा, पुढचे दोन दात पडलेला,
म्हणाला, "बाई, ससा अशं नाही करत."
मग कसं करतो?
तो गप्प. सगळे दाराकडे बघायला लागले.

दारात मिकीते, शाळेची भट्टी पेटवणारा,
काखेत लार्चचा भारा, भुवयांवर दहिवर.
माझ्याकडे बघत राहिला,
एखाद्याच्या सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात असावी
आणि सांगावं की नाही कळू नये, तसा.
"उद्या उजाडायच्या आत ये," म्हणाला,
"शिट्टी नको आणू."

उणे एकेचाळीस.
इथे श्वास कानाशी कुरकुरत गोठतो,
त्याला तारे कुजबुजतात असं म्हणतात.
मी शहरात वाढले. तारे
माझ्याशी कधी बोलले नव्हते, ससाही नाही.

झुडपाशी तो वाकला. बर्फात चार ठसे :
दोन बारके, एकामागे एक,
दोन लांबट, शेजारी शेजारी.
"कुठे चाललाय सांग."
मी बारक्या ठशांच्या बाजूला बोट केलं.
तो हसला नाही.
हातमोज्यासकट माझं मनगट धरलं
आणि उलट दिशेला वळवलं.

मागचे पाय पुढे पडतात.
ससा दर उडीला स्वतःलाच ओलांडतो.

परत येताना तोच बोलत होता,
गवत कापून झाल्यावरच्या कुरणाबद्दल,
तळ्याकाठच्या न मावळणाऱ्या संध्याकाळीबद्दल.
मीटर? मीटर कोणाकडे होता?
ज्याची पहिली उडी जेवढी
तेवढ्यावर त्याच्या ढलप्या मांडायच्या.
मोठ्या भावाच्या ढलप्यांवर उडालो, म्हणाला,
एकदाच. आणि गुडघा दाखवला.

पाठनिरीक्षणाला अक्सीन्या येगोरोव्हना आल्या.
रकाना वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला :
लार्चच्या ढलप्या तेहतीस,
भट्टीवाला एक, ससा (पाहिलेला).
"ससा साहित्यात येत नाही."
जी.

एर्चिमेन नऊ उड्या मारून आपटला,
दहावी त्याने बसूनच मारली. हशा.
मग काठी ओढायचा खेळ, समोरासमोर,
मध्ये फळी, फळीला तळपाय.
मुलं विषम निघाली, एक पोरगी उरली.
बाईंनी नमद्याचे बूट काढले,
तिच्यासमोर नाही, माझ्यासमोर बसल्या,
आणि मला फळीवरून अशी उचलली
की काठीसकट मी त्यांच्या मांडीत.
"हाताने काय ओढतेस? कंबर कशाला दिलीय?"
कुठे शिकलात, विचारलं.
त्या बुटाचा जोड शोधत होत्या.

शेरा : मोजमापाचा अभाव.
गुण : पाचापैकी तीन.

त्यांचा ट्रक गेल्यावर ढलप्या गोळा केल्या,
दोनदा मोजल्या. एक कमी.
मिकीतेने भट्टीत टाकली असेल.
त्याला विचारलं, तर त्याने नदीकडे पाहिलं,
ट्रक गेला त्या बाजूला.

वहीत दुरुस्ती केली :
ढलप्या, बत्तीस.