परंतु असे की

मी कायदे लिहिते. करणारे वेगळे;
मी सोफियात, तिसऱ्या मजल्यावर,
त्यांच्या भाषणांतली हवा काढून
उरेल ते पोटकलमात बसवते.
एकवीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा
टाइप केलेले शब्द : परंतु असे की.
नागरिकास हक्क असेल; परंतु असे की.
प्रत्येक घराला मी एक मागचं दार ठेवलं,
सरकारला रात्री-अपरात्री
गुपचूप निघून जाता यावं म्हणून.

मग स्ट्रासबुर्गहून निकाल आला.
अर्जदार रादको वेलचेव्ह, कौलं बसवणारा,
तांब्याच्या तारेच्या चोरीत चार वर्षं.
त्याच्याकडे मोजपट्टी नव्हती,
तुरुंगात ती हत्यारात मोडते.
स्वेटरच्या बाहीतून त्याने दोरा उसवला,
वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या
आणि बाकीचे सात जण झोपल्यावर
त्यांच्या पायांवरून वाकून
खोली मोजली.
वीत म्हणजे किती, हे न्यायालयाला कळावं
म्हणून पंजा कागदावर टेकवला
आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली.
जोडपत्र, पान चौदा : एक पंजा.
अंगठ्यापाशी रेघ थोडी हललेली.

सरकारचं उत्तर आमच्याच इमारतीतून गेलं होतं.
त्यात खोली मोठी होती.
शौचालयाचा कोपरा धरला होता,
रेडिएटरखालची जागा धरली होती,
जाड भिंतीतला खिडकीचा कोनाडासुद्धा.
इंचाला इंच जोडत
आम्ही त्या माणसाला ऐसपैस केलं होतं.

न्यायमूर्तींनी फक्त वजाबाकी केली.

छळ नाही. अमानुष वागणूक नाही.
मानहानी नाही. कोणाचीही नाही.
करारातलं ते कलम मला तोंडपाठ होतं,
पण त्या दिवशी पहिल्यांदा
मी त्यात मागचं दार शोधलं.
भिंत चाचपावी तसं, शब्द चाचपत.
एका ओळीत संपतं ते.
युद्ध पेटलं तरी नाही,
तिजोरीत खडखडाट असला तरी नाही.

नव्या मसुद्यात मी लिहिलं :
दरडोई किमान तीन चौरस मीटर, शौचालय वगळून.
परत आला तेव्हा समासात वित्त खात्याची हिरवी शाई :
‘परंतु असे की, निधी उपलब्ध असल्यास.’
बोयाजिएव्ह साहेब स्वतः खाली आले.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाई, म्हणाले.
मी काही बोलले नाही. बोलणं माझं काम नाही.
निकालाची प्रतही दाखवली नाही,
नुसतं पान चौदा पुढे सरकवलं.
त्यांनी, का कोण जाणे, त्यावर आपला हात ठेवला.
बोटं आखूड पडली.
बराच वेळ तसाच ठेवला होता.
मग माझंच खोडरबर मागितलं,
शाई खोडली जात नाही हे विसरून.

एप्रिलात, रात्री अकराला, कलम मंजूर झालं.
निम्मे सदस्य जेवायला गेले होते.
रादकोचं नाव कुणी घेतलं नाही,
कायद्यात नावं येतही नाहीत.
गेल्या महिन्यात एका जिल्हा न्यायाधीशांनी,
नेवेना काराइवानोवा त्यांचं नाव,
दुसऱ्याच कुणाच्या खटल्यात
तुरुंगाच्या नकाशातून शौचालय वजा केलं.
स्ट्रासबुर्गला जावं लागलं नाही.
निकालपत्रात माझी ओळ होती, स्वल्पविरामासकट.
मी ती तीनदा वाचली आणि चहा निवून गेला.

आता त्या खोलीतून दोन खाटा काढल्यात.
खाटांवरचे दोघे
डॅन्यूबकाठच्या जुन्या तुरुंगात हलवले म्हणे.
तिथल्या खोलीत आता माणसं किती,
हे विचारणारा अर्ज मी केलाय,
साध्या नागरिकाच्या नावाने, तिकीट लावून.
उत्तर द्यायला खात्याला तीस दिवस.
ते कलमही मीच लिहिलंय.
त्याला मागचं दार आहे.