सीमेची अट

सोहार. रात्रपाळी. बाहेर चाळीस अंश,
माझ्या पडद्यावर दोनशे दहा.
जाळीच्या साडेतीन लाख चौकटींत
मी वितळलेलं पॉलिमर ओतते
थेंबही न सांडता.
स्क्रू फिरतो, म्हणजे एक आकडा फिरतो.
डायच्या तोंडाशी हिरवं, पिवळं, लाल,
आणि उत्तर जुळत नाही.

अकरावी रात्र.
खाली खऱ्या मशीनचा दाब
माझ्या दाबाहून कमीच,
आणि पाईपची कातडी अशी, की
मुशीच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा.

परकार वर आले, हातमोजे काखेत.
मंडणगडचे. बावीस वर्षं याच लाइनवर.
"ह्या कडेला निळं का गो?"
म्हटलं, भिंतीला लागलेला थर हलत नाही,
असं धरून चालायचं असतं. वेग शून्य.
"कुणी धरलान?"
पुस्तकानं. मी. सगळ्यांनीच.
"सरकता तो. थांबता, सरकता.
आवाज ऐकलास काय कधी?"

खाली गेले. कान लावला.
टक्.
मग ओढ, लांबलचक.
टक्.

तीन वाजता अट खोडली.
घसरणीचा एक आकडा घातला, अंदाजाचा.
बाजूच्या रकान्यात आधार लिहायचा असतो;
लिहिलं, परकार.

साडेचारला दोन्ही रेघा जवळ आल्या.
जुळल्या नाहीत. जवळ आल्या.

फोन केला. "सरकतंय," म्हटलं.
मागे मशीनची घरघर, आणि ते:
"मग नीज आता.
मी हाय हितंच उभा."