हेसरु

जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे
बांधावर दोघं एकमेकांत गुंतलेले:
रानमूग, रानउडीद.
दोघांना तीन-तीन पानं, टोकं सारखीच निमुळती,
एकाच गवताला धरून वर चढलेले.
वही काढून आधी सगळ्यांत सोपं ते लिहिलं,
फूल पिवळं.
आणि खोडलं.

कारण एक पिवळं होतं पुरतं, हळदीचं,
आणि दुसऱ्याला कच्च्या लिंबाची हिरवट झाक,
आत नौतलावर कुणी राखेचं बोट फिरवल्यासारखं.
हे सकाळी नऊपर्यंतच दिसतं.
ऊन चढलं की दोन्ही कोमेजून एकाच रंगाची होतात,
मग शेंगेलाच विचारावं लागतं.

उडदाची शेंग उभी, अंगभर लांब केस.
मुगाची आडवी पसरलेली, लव आखूड.
पुस्तकात एवढंच आहे, दोन ओळी.
बांधावर मात्र वारा असतो,
गवत मुगाला उचलून धरतं, उडदाला वाकवतं,
आणि उभं कोण, आडवं कोण
हे जमिनीला गाल लावूनच कळतं.
मी पालथी पडले. कोपरं ओल्या मातीत, डोळ्याला भिंग.

"काय हुडकूलालीस गं?"
निंगव्वा. मागे सात शेळ्या.
मी दोन शेंगा पुढे केल्या.
तिनं बघितल्याच नाहीत,
गालावरून फिरवल्या, आधी एक, मग दुसरी,
तान्ह्याचं दुपटं वाळलं का बघतात तशा.
"हे उद्दु. हे हेसरु."

उद्दु म्हणजे उडीद, ठाऊक होतं.
हेसरु म्हणजे मूग, तेही.
पण हेसरु म्हणजे नावसुद्धा.
तिच्या भाषेत मुगाला नावच म्हणतात;
लहानपणी शेजारच्या अज्जीनं विचारलं होतं, निन्न हेसरु एनु,
आणि मी धावत घरातून मूठभर मूग आणले होते.

"काडु हेसरु, बाई. रानातलं.
ह्याला कोण पेरत नाही,
खरं दरसाली येतंय."
एवढं बोलून ती शेळ्यांमागं गेली.
शेळ्यांनी दोन्ही खाल्लं.

रात्री खानापूरच्या लॉजवर
टेबलावर दोन कागदी पाकिटं.
एकाचं तोंड दुमडायचं राहिलं होतं, की दोन्हींचं,
आता आठवत नाही.
पंखा चालू, आणि अंधारात तड्.
मग तड् तड्.
शेतातली शेंग थांबते, तिला माणसाची सवय झालेली असते.
रानातली वाळली की पिळवटते
आणि बी फेकून मोकळी होते,
खाली माती आहे की लॉजची फरशी, बघत नाही.

सकाळी सातेरी चहा घेऊन आला तेव्हा
मी पलंगाखाली होते.
तोही कप ठेवून खाली शिरला.
स्टीलच्या ताटलीत सगळं गोळा केलं, काळपट, ठिपक्याठिपक्यांचं,
ताटलीतला केर त्यानं फुंकून काढला.

आता उरली फक्त नाभी.
मुगाची सपाट, अंगाबरोबर.
उडदाची उंच काठाची, परातीसारखी.
एक बी इकडे, एक तिकडे.
एकेचाळीस. अडतीस.
चहावर साय आली.

आणि एक राहिलं.
काठ होता, अर्ध्यापर्यंत.
उजेडाकडे धरलं, खिडकीत नेलं, भिंग पुसलं.
सातेरी म्हणाला, "टाका की कुठंबी, कोण बघतंय."
निंगव्वाचा गाल इथं उपयोगाचा नव्हता,
बियांना केस नसतात.

त्याला वेगळं पाकीट केलं.
वर चिकटवायची चिठ्ठी विद्यापीठाची, कन्नडात छापलेली.
गाव लिहिलं. तालुका लिहिला. उंची, माती, तारीख.
जिल्हा लिहिताना हात थांबला,
जुन्या वहीत तो दोन तऱ्हांनी लिहिलेला आहे,
दोन वेगळ्या शाईंत.
मग सगळ्यांत वरची ओळ:

हेसरु, आणि पुढे टिंबंटिंबं.

कोरीच ठेवली.
चिकटवून झाल्यावर लक्षात आलं,
कोरी ठेवूनही तिथं मूग लिहिलेलाच आहे.