तिसरा हात

नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य बुडाला तो बुडालाच.
आता निम्मा जानेवारी सरेपर्यंत
वार्दो गावात दिवस म्हणजे
घड्याळाने मारलेली थाप.

दुसऱ्याच सकाळी मी रंगाच्या दुकानात.
योनास, अस्मारातून आलेला पोरगा,
आता माझ्याहून शुद्ध नॉर्वेजियन बोलतो,
म्हणाला, कुठला पिवळा, मागन्हिल?
आणि पुठ्ठा उलगडला. एकोणतीस पिवळे.
मोहरी. पेंढा. पिल्लाची लव.
एकाचं नाव नुसतंच ‘सकाळ’.

मी म्हटलं, नावं राहू देत.
उकडलेल्या बटाट्यावर लोणी वितळतं ना,
आणि ताटलीत ओघळून थांबतं,
त्याच्या कडेचा.

तो हसला नाही. यंत्राशी वाकला.
गेरूचे थेंब, थोडा लाल,
आणि शेवटी एक काळा.
काळा कशाला?
काळ्याशिवाय पिवळा ओरडतो, म्हणाला.

स्वयंपाकघर निळं होतं.
एक्क्याऐंशी साली बोटीला लावून उरलेला डबा
ह्यालमारने भिंतींवर संपवला.
वाया कशाला घालवायचा.
पुढे बोट विकली, मग ह्यालमार गेला,
निळा तेवढा चिवट.

पहिला हात मारला.
भिंत हिरवी झाली.
हिरवीगार नव्हे, शेवाळी,
ओहोटीला धक्क्याचे खांब दिसतात तशी.
निळ्यावर पिवळा, दुसरं काय होणार!
बालवाडीतल्या पोराला कळतं.
मी बेचाळीस वर्षं कारखान्यात मासे कापले,
मला स्टुलावर उभं राहून कळलं.

ऑडलाउग कॉफीला आली, कोट न काढता म्हणाली,
दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय.
तरी तीन कप प्यायली.

दुसरा हात.
पिवळा आला खरा, पण कावीळ झालेला.
आणि त्यातून ह्यालमारच्या रेघा वर आल्या,
उभ्या, रुंद, फळीवर ओढाव्यात तशा.
त्याला भिंत आणि बोट यांतला फरक
कधी सांगताच आला नाही.
खिडकीच्या वर त्याच्या ब्रशचा एक केस
रंगात रुतून बसलाय, इतकी वर्षं.
नखाने काढायला गेले.
नख लावलं, आणि नाही काढला.

तिसरा हात मी रात्री मारला,
म्हणजे दुपारी तीनला.
बाहेर वारा, रडारचा लाल दिवा,
समुद्र कुठाय ते फक्त ऐकू येणारं.
उभं मारायचं की आडवं, विचार केला नाही,
रोलर आपोआप उभाच चालला.
गुडघा दुखला. रेडिओवर कुणीतरी
मासळीचे भाव सांगत होतं, मी त्याला उत्तरं देत होते.

मग दिवा लावला.

पिवळाधमक नाही. सोन्याबिन्यासारखाही नाही.
भिंत जवळ आली, एवढंच.
कुणी पलीकडच्या खुर्चीवरून
आपली खुर्ची अलीकडे ओढावी, तशी.

खाली रस्त्यावर योनास दुकान बंद करून चाललेला.
बर्फावर माझ्या खिडकीचा चौकोन पडला होता,
तो त्याच्या कडेला थांबला,
ओलांडावा की वळसा घालावा कळेना तसा.
शेवटी मधूनच गेला.
मी ब्रश हलवला. त्याने पाहिलं का, माहीत नाही.

स्विचची पट्टी काढून ठेवली होती.
परत बसवताना पाहिलं,
तिच्याखाली बोटभर निळा उरलाय.
डब्यात रंग होता अजून.

पट्टी बसवली. दोन स्क्रू.
हात धुतले, नखांतला गेला नाही.
बटाटे उकडायला ठेवले.