तापू दे आधी

शेफील्ड, अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी.
नेव्हिलने हप्त्यांवर आणलेला सिंथेसायझर
स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
मुरवलेल्या कांद्यांच्या बरणीशेजारी.

पियानोचा एक धडाही न शिकलेले आम्ही दोघं.
मी कारखान्यात चमचे घासणारी,
नखांत अजून काळं पॉलिश;
तो बेकारभत्त्यावर.

एका वेळी एकच सूर निघायचा त्यातून.
दुसरी पट्टी दाबली की पहिली गप्प.
आमच्या घरातल्या बोलण्यासारखंच.

बटणांच्या जागा तो
पावाच्या कागदावर पेन्सिलीने उतरवून ठेवी,
तरी कालचा आवाज आज सापडत नसे.
सूर घसरतच राहायचा,
थंडीत जास्तच.

रात्री दहाला डॅड पाळीवरून आले.
घणाखाली एकवीस वर्षं, डावा कान कामातून गेलेला.
कोट न काढताच
यंत्राच्या पाठीवर तळवा टेकवला,
घोड्याचा ताप बघावा तसा.

"गार आहे," म्हणाले. "तापू दे आधी.
गार लोखंडावर कसले घाव घालताय?"

मग चहा ठेवला.
वीस मिनिटं कुणी काही वाजवलं नाही.
खालच्या दरीतून वाफेचा घण तेवढा येत होता,
आणि टेबलाखाली नेव्हिलचा पाय
त्याच्या नकळत
त्याच्यासोबत पडत होता.