मान्यतेस्तव सादर

दोनशे बारा पानांचा अहवाल
आणि त्यावर साहेबांचा शेरा : एका पानात आणा.

बेलापूरला चौथ्या मजल्यावर
माझं काम एवढंच, पानं कमी करणं.
तीन वर्षं इशरत काझी दिघ्याच्या खदानीमागं
घर न् घर चढली, माणसांना नळीत फुंकायला लावलं,
श्वास मोजला, मजुरी मोजली, पाण्याचे हंडे मोजले.
शेवटी एक आलेख : इथली माणसं
पाम बीचवरच्या माणसांच्या आधी मरतात.
किती आधी, तो आकडा मी टिपणीत तीनदा लिहिला
आणि तीनदा वाटलं,
टायपिंगची चूक असेल.

सत्त्याऐंशीव्या पानावर यल्लव्वा धोत्रे बोलते :
"दवाखाना धाला उघडतो, एकला मिटतो.
डंपर सातला येतो.
खोकला दावायचा तर सहाशेचा खाडा.
त्यापरीस खोकला परवडला."

हे कार्यालयीन मराठीत कसं म्हणायचं?
मी लिहिलं : रोजगाराच्या वेळेमुळे लाभार्थी अनुपस्थित राहतात.
वाचून पाहिलं. यल्लव्वा त्यात कुठंच नव्हती.
खोकलासुद्धा गेला होता.
मग तिचं पान जसंच्या तसं मागं जोडलं,
सहपत्र 'अ'.
सहपत्रं कोणी वाचत नाही,
पण फाडतही नाही.

साहेबांनी 'खदानीची धूळ' खोडून
'पर्यावरणीय घटक' केलं.
अकरा शिफारशींपैकी नऊ
अन्य विभागांशी संबंधित निघाल्या.
दहावी, निधीच्या उपलब्धतेनुसार.
उरली वेळ.
'सकाळी दहा ते एक'ऐवजी 'सायंकाळी सहा ते नऊ' असे वाचावे.
सभेत कोणी हरकत घेतली नाही,
पुढचा विषय पार्किंगचा होता
आणि सगळ्यांना तिथं पोचायचं होतं.

इशरतचा फोन आला.
तीन वर्षं, आणि तुम्ही घड्याळाचा काटा हलवलात?
म्हटलं, मॅडम, त्या काट्याला अठरा सह्या लागल्या.
ती हसली नाही.
बरोबरच होतं तिचं.

एका गुरुवारी ऑफिस सुटल्यावर
घणसोलीला घरी न जाता दिघ्याला गेलो.
एक ट्यूबलाइट. बाकावर, पायरीवर, बाहेर दगडावर माणसं,
भुवयांवर खदानीचं पीठ.
नर्सबाई म्हणाली, कोण हवंय?
नाव ओठांवर आलं होतं.
पण ती मुलाखत पहिल्या वर्षातली,
आणि आकडा मीच तीनदा लिहिला होता.
म्हटलं, कोणी नाही. सहज.

उरलेल्या दहा शिफारशींची नस्ती माझ्या कपाटात आहे.
लाल फितीला निरगाठ नाही,
सुरगाठ मारलीय.

आणि हो, निघताना नर्सबाई म्हणाली,
नऊनंतर उतारावर दिवा नसतो,
बायका लेकरं घेऊन चाचपडत जातात.
विभाग : विद्युत.
विषय : दिवाबत्तीबाबत.
महोदय,