शेपटी

बाहेर शेहेचाळीस. कोल्ड रूममध्ये चार.
मे महिन्यात स्वेटर घालून
मी निकेलच्या निळसर कॉलमखाली नळी धरते.

हजारो प्रथिनं वाहून जातात,
माझं तेवढं अडकतं,
सहा हिस्टिडिनच्या शेपटीनं.
बाकीचा देह कसा दुमडलाय,
काय काय करू शकतो,
कॉलम विचारत नाही.

सकाळी बजाजनगरात खोली बघायला गेले.
काकू कूलरमध्ये पाणी भरत होत्या.
"प्रणोती," मी म्हटलं.
"ते झालं. पुढचं?"
टाकी भरून पाणी सांडत राहिलं.

इमिडॅझोल ओतते. सुटतं हळूहळू.
आता कापणारं एन्झाइम, रात्रभर.
उद्या पुन्हा त्याच कॉलममधून,
शेपटी वर अडकेल.
न थांबता जे खाली उतरेल
ते माझं.

त्रिमूर्तीनगरात आणखी एक खोली आहे म्हणे.
बघू, ऊन उतरल्यावर.